आधी प्रत, मग दुरुस्ती

विंडोज सुरू होताना अधूनमधून काळ्या पडद्यावर डिस्क तपासली जात असल्याची सूचना येते, टक्के पुढे सरकत राहतात आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, संगणक स्वतःची काळजी घेतोय. हे अर्धंच खरं. चेकडिस्क नावाचा तो प्रोग्रॅम काळजी घेतो फाइल सिस्टीमची. तुमच्या फायलींची घेईलच असं नाही. त्यामुळे बिघाडातून वाचलेला डेटा कधी कधी दुरुस्तीत जातो.

डिस्कवर मजकूर असतो आणि तो कुठे ठेवलाय याची नोंद असते. १९९३ साली विंडोज एनटीसोबत आलेल्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये ही नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये राहते: प्रत्येक फायलीला साधारण एक केबी जागा, तीत नाव, तारखा, आकार आणि मजकूर ज्या चार-चार केबीच्या तुकड्यांत विखुरलाय त्यांचे पत्ते. सातबारा आणि शेत यांच्यासारखंच हे नातं. फाइल रिसायकल बिनमधूनही काढली की उताऱ्यावरचं नाव उडतं, पीक मात्र उभंच असतं. ती जागा दुसऱ्याला मिळाली की तेही जातं. चेकडिस्क दुरुस्त करतो तो उतारा. एकाच तुकड्यावर दोन फायलींनी हक्क सांगितला किंवा नोंद अर्धवट निघाली, तर नोंदी एकमेकींशी जुळवायच्या एवढंच त्याला ठाऊक. न जुळणारी नोंद रद्द करायला तो कचरत नाही. बेवारस मजकूर तो 'फाउंड.०००' फोल्डरमध्ये 'फाइल००००.सीएचके' अशा नावांनी टाकतो. लग्नाचे फोटो असोत की जीएसटीची बिलं, मूळ नाव गेलेलं, फोल्डर गेलेला. फाइल सिस्टीम मात्र आता ठणठणीत!

म्हणून गडबड दिसली की आधी प्रत घ्यावी. चेकडिस्क कोणताही पर्याय न जोडता चालवला तर तो फक्त वाचतो आणि दोष सांगतो. 'एफ' जोडला की लिहायला लागतो. 'आर' जोडला की खराब सेक्टरही शोधत बसतो आणि मोठ्या डिस्कवर त्यात तासन्‌तास जातात. डिस्क कटकट वाजत असेल, किंवा डिस्कच्या स्वतःच्या 'स्मार्ट' तपासणीत वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर हा 'आर' म्हणजे आजारी डिस्कला उगाच पळवणं. अशा वेळी सगळ्यात गरजेच्या फायली आधी काढाव्यात. जाणकार हाताशी असेल तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यावी. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अडणारा मागे ठेवतो. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या प्रतीवर खुशाल करा.

यावर कुणी म्हणेल, एनटीएफएस तर जर्नल ठेवतं, वीज गेली तरी सावरतं. सावरतं, पण त्या जर्नलमध्ये नोंदींतले बदल असतात, तुमचा मजकूर नसतो. ऐन सेव्ह करताना वीज गेली तर नाव आणि आकार बरोबर असलेली, पण आत नुसती शून्यं भरलेली फाइल हाती येऊ शकते. क्लाउडचं म्हणाल, तर सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. एसएसडीवर तर सावधगिरी जास्तच हवी. विंडोज ७पासून आलेल्या ट्रिममुळे डिलीट झालेली जागा डिस्कला लगेच कळवली जाते, आणि पुसलेलं परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. 'आम्ही कशाला हातच लावत नाही' हा युक्तिवादही टिकत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या अपडेटनंतर काहींच्या फायली नाहीशा झाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. त्यात ना वीज गेली होती, ना डिस्क बिघडली होती.

नियमित प्रत ठेवण्याच्या खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. विंडोज आणि प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात, त्यांची प्रत कशाला? आपण स्वतः तयार केलेलं तेवढं ठेवायचं, आणि बहुतेक घरांत ते एका बाहेरच्या डिस्कवर मावतं. ही डिस्क कायम जोडून ठेवू नये, कारण रॅन्समवेअर जोडलेलं सगळंच कुलूपबंद करतं. प्रत झाली की डिस्क रीतसर 'सेफली रिमूव्ह' करून काढावी, आणि अधूनमधून तिच्यातले दोन-चार फोटो, एखादी एक्सेल फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी; नुसती नावांची यादी बघून समाधान मानू नये.