ट्रेलरचालकाची उधार झोप

बोईसरलगतच्या सालवडमधून तारापूर एमआयडीसीचा माल उघड्या ट्रेलरवर चढतो. स्वतःची गाडी स्वतःच हाकणाऱ्याचा दिवस नंबर लागण्याची वाट पाहण्यात, साखळदंड आवळण्यात आणि ताडपत्री बांधण्यात जातो. चिल्हार फाट्यावरून महामार्ग गाठेपर्यंत रात्र झालेली असते. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा होती, पण ती पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना. हप्ते फेडणाऱ्या एकट्या मालक-चालकाचे तास मोजणार कोण?

सलग १७ तास जागलेल्याचा मेंदू १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असल्यासारखा मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा ३० मिलिग्रॅमचीच आहे! त्यात पहाटे शरीराचे घड्याळही झोपेच्याच बाजूने. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे ६७ मीटर आंधळी धाव. तंबाखू किंवा मोठ्या आवाजातली गाणी ती टाळत नाहीत. त्यापेक्षा सुरक्षित जागी गाडी लावून चहा प्यावा आणि लगेच वीस मिनिटे झोपावे. जाग येते तोवर चहातल्या कॅफीनचा अंमल सुरू होतो. जोरात घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या चालकाने झोपेत श्वास अडतो का, हे तपासून घ्यावे. ही खबर बहुधा क्लीनरच देतो.