फायरवॉल चालू आहे. पण वह्या सुरक्षित आहेत का?

शिरूरच्या बाजारपेठेत काय किंवा दौंडच्या स्टेशन परिसरात काय, गादीशेजारी संगणक नाही अशी पेढी आता क्वचितच आढळते. दिवसभराचे दुकानातील काम संध्याकाळी घरी येते. ज्या संगणकावर वडील जीएसटीचे विवरणपत्र भरतात आणि उधारीची खाती पाहतात, त्याच संगणकावर मुले शाळेचे प्रकल्प करतात. या यंत्राच्या सुरक्षिततेविषयी विचारले असता बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, "फायरवॉल चालू आहे, काळजी नाही." हे उत्तर निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या हिशेबाच्या वह्या अडकलेल्या असतात, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

फायरवॉल काय करते आणि काय करत नाही

पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे. गाडी कोठून आली, कोणत्या रस्त्याने आली, सोबत पावती आहे की नाही, एवढे नाकेदार पाहत असे. पोत्यातील धान्याला कीड लागली आहे का, हे तपासणे त्याचे काम नव्हते. फायरवॉलचे कार्य याच स्वरूपाचे आहे. संगणक आणि इंटरनेट यांच्यातील देवाणघेवाण 'पोर्ट' नावाच्या क्रमांकित दारांतून चालते. आपण न बोलावता कोणी बाहेरून दार ठोठावले, तर फायरवॉल ते उघडत नाही. परंतु आपण स्वतः आतून मागवलेला माल, मग तो ईमेल असो, संकेतस्थळ असो किंवा एखादी फाइल असो, ती सहसा अडवत नाही. शिवाय आज इंटरनेटवरील बहुतांश देवाणघेवाण कूटबद्ध असते. म्हणजे पोत्याला लाखेची मोहोर लावलेली असते, आणि घरगुती फायरवॉल ती फोडून आत पाहत नाही.

व्हायरसचा इतिहास पाहिला तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन बंधूंनी तयार केलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीतून पसरला. तेथे नाक्याचा प्रश्नच नव्हता. मे २००० मधील 'आय लव्ह यू' हा ईमेलमधून आला आणि उत्सुकतेपोटी लोकांनी जोडलेली फाइल स्वतःच्या हाताने उघडली. ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' मात्र वेगळा होता. कोणी काहीही न उघडता, संगणक केवळ इंटरनेटला जोडलेला आहे एवढ्या आधारावर तो उघड्या पोर्टमधून आत शिरत असे. अशा आक्रमणाला फायरवॉल उत्तम रोखते. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ च्या सुधारित विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल मुळातच चालू ठेवण्यास प्रारंभ केला. तात्पर्य, दार फोडून येणाऱ्यास फायरवॉल अडवते. पाहुणा म्हणून आत घेतलेल्यास ती ओळखत नाही.

न्हावा-शेवा बंदराचा धडा

पुणे जिल्ह्यातील निर्यातीचा माल ज्या न्हावा-शेवा बंदरातून जातो, तेथील एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नामक आक्रमणाने ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवले जात होते आणि समूहाचे जगभरातील संगणक एकाच वेळी बाधित झाले होते. कंपनीने या घटनेतील नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले.

व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे हा व्हायरस आला कोठून. युक्रेनमध्ये 'मेडॉक' नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणात वापरात होते. आपल्याकडे दुकानोदुकानी असते तसेच. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विष मिसळले. नाकेदाराच्या दृष्टीने गाडी ओळखीची, रस्ता नेहमीचा आणि पावतीही खरी. फायरवॉलने अडवावे असे काहीच नव्हते. एकदा आत शिरल्यावर तो व्हायरस एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. प्रत्यक्षात पैसे देऊनही फाइली उघडण्याची सोय त्यात नव्हती. खंडणी देऊन वही परत मिळेल, या आशेवर कोणी विसंबू नये.

मर्स्क कंपनी सावरली ती कशामुळे, हा या कथेचा सर्वांत बोधप्रद भाग आहे. संपूर्ण जाळ्यातील वापरकर्त्यांच्या व परवानग्यांच्या नोंदी ठेवणारे तिचे सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले. अपवाद एकच. आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात वीज गेल्यामुळे तेथील सर्व्हर त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरील प्रत शाबूत राहिली आणि तिच्या आधारे पुनर्बांधणी शक्य झाली. सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले. एवढ्या बलाढ्य कंपनीला अखेर तारले ते त्या क्षणी कोणत्याही तारेला न जोडलेल्या एका प्रतीने. भारनियमनाचा अनुभव असलेल्या आपल्या भागात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या पुण्यातही असा अनुभव आला आहे. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून एकूण सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये काढून घेण्यात आले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएममधून अवघ्या काही तासांत निघाले. बँकांच्या यंत्रणेभोवती घरापेक्षा कितीतरी भक्कम फायरवॉल असतात. तरीही केवळ तटबंदीवर भिस्त ठेवता येत नाही, हेच यातून दिसते.

कायद्याची बाजू

वह्या गेल्या तर उधारी बुडते, एवढ्यावर हे थांबत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. नियम ५७ अन्वये संगणकीय नोंदींचा योग्य बॅकअप ठेवणे, आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी वेळेत त्या पुन्हा उभ्या करता येतील अशी व्यवस्था असणे अपेक्षित आहे. "व्हायरस आला होता" हे उत्तर अधिकाऱ्यासमोर पुरेसे ठरेल, अशा भ्रमात राहू नये.

घरात काय करावे

पहिली गोष्ट, फायरवॉल बंद करू नये. दुकानातील दोन संगणक एकमेकांशी जोडताना अडचण आली की काही तंत्रज्ञ ती सरळ बंद करतात आणि ती तशीच राहते. आवश्यक त्या एकाच सॉफ्टवेअरला परवानगी देता येते. तसा आग्रह धरावा. प्रवासात वा दुसऱ्याच्या वायफायवर संगणक जोडताना नेटवर्क 'पब्लिक' निवडावे, म्हणजे दारे अधिक घट्ट राहतात.

दुसरी गोष्ट, अँटिव्हायरस वेगळा लागतो. फायरवॉल वाट तपासते, अँटिव्हायरस माल तपासतो. विंडोजमध्ये डिफेंडर अंगभूत आहे. पुण्यात काटकर बंधूंनी उभारलेल्या क्विक हीलसारखी विकत मिळणारी उत्पादनेही आहेत. कोणताही एक ठेवावा; दोन एकदम चालवल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

तिसरी गोष्ट, अपडेट टाळू नयेत. मे २०१७ मध्ये जगभर हाहाकार माजवणाऱ्या 'वॉनाक्राय'ने ज्या त्रुटीचा लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांना किंमत मोजावी लागली. विषारी अपडेटचा प्रसंग विरळा. अपडेट न केल्याने होणारी हानी नित्याची. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

चौथी गोष्ट, हिशेबासाठी आणि मुलांसाठी संगणकावर स्वतंत्र खाती करावीत. मुलांच्या खात्याला नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार देऊ नये. फोनवरून "आम्ही कंपनीतून बोलतो" असे सांगून संगणकाचा पडदा पाहण्याचे ॲप घ्यायला लावणाऱ्यास स्पष्ट नकार द्यावा. ते दार आपण आतून उघडतो, त्यामुळे फायरवॉल तेथे हतबल असते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हिशेबाच्या प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आलटून पालटून घ्याव्यात आणि काम होताच डिस्क काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क ही प्रत नव्हे. संगणकाबरोबर तीही बाधित होते. एक डिस्क दुकानात असेल तर दुसरी घरी किंवा भावाच्या घरी असावी. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दिवसअखेरीच्या नोंदींची प्रत त्याच इमारतीत ठेवून भागत नाही. या पद्धतीमागे अविश्वास नसतो, व्यवहाराची शिस्त असते.

संगणक बाधित झाल्याची शंका आल्यास प्रथम इंटरनेटची तार काढावी, वायफाय बंद करावे आणि बॅकअपची डिस्क त्याला मुळीच जोडू नये. खात्यातून पैसे गेले असतील तर तत्काळ बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताकडून झालेला अपहार बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी वा पासवर्ड ग्राहकानेच दिला असल्यास मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते.

घरोघरी एक परीक्षा करून पाहण्याजोगी आहे. एखाद्या रविवारी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून मागील वर्षाची खतावणी उघडते का, शेवटची शिल्लक जुळते का, ते पाहावे. जुळली तर फायरवॉल हरली तरी पेढी हरणार नाही. जुळली नाही, तर ते त्या रविवारीच कळलेले बरे.