कोळ्याच्या धाग्यातील शिस्त



‘कोळ्याचा धागा पोलादापेक्षा मजबूत’ हे वाक्य आपण अनेकदा वाचतो. वजनाच्या हिशेबाने ते खरेही आहे. मग सैनिकांसाठी त्याचे बुलेटप्रूफ जॅकेट का बनत नाही?

हा धागा प्रथिनांचा असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. या साखळीत काही ठिकाणी अ‍ॅलानिन हे आम्ल ओळीने येते. असे भाग एकमेकांवर घट्ट बसून अतिसूक्ष्म स्फटिक बनतात. त्यांच्यामुळे धाग्याला ताकद येते. मधले ग्लायसिनयुक्त भाग सैल असतात, ते ताणले जातात. केव्लारची ताकद याहून जास्त आहे, पण तो सुमारे ३ टक्के ताणला की तुटतो. कोळ्याचा धागा ३० टक्क्यांच्या आसपास ताणतो आणि तुटेपर्यंत कितीतरी अधिक ऊर्जा शोषतो. मात्र इतका ताणणारा धागा गोळी अडवेपर्यंत कापडासह ती शरीरात घुसण्याचा धोका राहतो.

दुसरी अडचण उत्पादनाची. एकत्र ठेवलेले कोळी एकमेकांना खातात, म्हणून ते रेशीमकिड्यांसारखे पाळता येत नाहीत. २००२ साली कॅनडातील नेक्सिया कंपनी आणि अमेरिकी लष्कराचे संशोधक यांनी कोळ्याचे जनुक सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालून प्रथिन मिळवले व त्याचा धागा काढला. चिवटपणा नैसर्गिक धाग्याच्या जवळ आला, ताकद मात्र कमी पडली.

असे का झाले? कोळ्याच्या शरीरात प्रथिनांचे द्रावण अरुंद नलिकेतून जाते. तिथे आम्लता वाढते, पाणी कमी होते आणि कोळी धागा ओढत राहतो. त्या ओढीने स्फटिक धाग्याच्या दिशेने रांगेत लागतात. प्रयोगशाळेत द्रावण सुईतून अल्कोहोलमध्ये सोडले, की ते रांग लागण्याआधीच घट्ट होते. क्ष-किरणांच्या छायाचित्रात हा फरक दिसतो: रांगेतले स्फटिक ठळक ठिपके उमटवतात, विस्कळीत स्फटिक नुसती वर्तुळे. म्हणूनच कृत्रिम धागा काढल्यावर पुन्हा ताणतात. तेव्हा त्याची ताकद वाढते.

परेड मैदानावरचे कॅडेट तेच असतात. ‘फॉल इन’च्या आधी तो घोळका असतो, नंतर पथक. तेव्हा कृत्रिम कोळी-रेशमाची बातमी वाचाल, तेव्हा प्रथिन बनले का एवढेच पाहू नका. ते रांगेत उभे राहिले का, हेही विचारा.