गाजर : वाफ्यातले आणि ताटातले

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसांची पारख नसलेल्यास आपण गाजरपारखी म्हणतो. एकंदरीत मराठी भाषेने गाजराला फारसा मान दिलेला नाही. घरच्या बागेतही तीच वृत्ती दिसते. गुलाबासाठी खास माती मागविणारे गृहस्थ गाजराचे बी मात्र मोकळ्या कोपऱ्यात भिरकावतात. तीन महिन्यांनी बोटभर लांबीचे, दोन-तीन पाय फुटलेले, केसाळ असे काहीतरी हाती येते आणि 'माळव्याच्या काळ्या मातीत गाजर होत नाही' असा निकाल दिला जातो.

हा निकाल घाईचा आहे. गेली काही वर्षे इंदूरमधील माझ्या अंगणात दर हिवाळ्यात सरळ, रसाळ गाजरे निघत आहेत. त्यात माझ्या हाताचा गुण काही नाही. गाजराचा स्वभाव ओळखला की पुरे. या पिकाचे बहुतेक भवितव्य पेरणीपूर्वीच्या मशागतीत आणि पेरणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरते. बाळाच्या पहिल्या हजार दिवसांचे महत्त्व पालकांना सांगण्यात ज्याची हयात गेली, त्या बालरोगतज्ज्ञाला हे पीक जवळचे वाटावे यात नवल नाही.

मुळाचा स्वभाव

गाजर हे कोथिंबीर, शेपू, बडीशेप, जिरे आणि ओवा यांच्या कुळातले. छत्रीसारखा फुलोरा ही या कुळाची खूण. आपण खातो ते त्याचे सोटमूळ. बी रुजल्यावर हे मूळ प्रथम सुतासारखे बारीक राहून सरळ खाली उतरते, आपली लांबी गाठते आणि मगच जाड होऊ लागते. खाली जाताना त्याच्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा ताजे शेण लागले, तर टोक दुखावते आणि बाजूची मुळे पोसू लागतात. गाजराला फाटे फुटतात ते असे. याच कारणाने गाजराची रोपे वांगी-टोमॅटोप्रमाणे एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावू नयेत. जिथे वाढवायचे, तिथेच पेरायचे.

काळी माती आणि इंदूर पद्धत

आमची काळी माती कापसाला उत्तम. पण ओली झाली की फुगते, वाळली की आवळते आणि भेगाळते. कोवळ्या मुळाला या दोन्ही अवस्था जाचक. म्हणून जमिनीपासून वीतभर उंच असा गादीवाफा करावा आणि एकूण एक फूट खोलीपर्यंत माती भुसभुशीत करून, खडे वेचून, चाळून घ्यावी. चाळलेली माती, पूर्ण कुजलेले खत आणि नदीची जाडी वाळू समप्रमाणात घ्यावी. नुसती वाळू मिसळल्याने भागत नाही. चिकण माती मोकळी ठेवण्याचे खरे काम कुजलेले खत करते. अंगण नसल्यास एक फूट खोलीची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला जुना पिंपही चालतो.

खताविषयी बोलताना इंदूरकराने थोडा अभिमान बाळगावा. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. आज जेथे कृषी महाविद्यालय आहे तेथेच ही संस्था होती. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ओल व हवा राखून, ढीग तीनदा परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत त्यांनी येथे बसविली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिचे विवेचन करणारे १९३१ चे इंग्रजी पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासह लिहिले. जमीन, पीक, पशू आणि माणूस यांचे आरोग्य हा एकच विषय आहे, असे हॉवर्ड मानीत. आपणा डॉक्टरमंडळींना हा विचार परका वाटू नये. जूनमध्ये असा ढीग रचला, की गाजराच्या पेरणीपर्यंत खत हाताशी येते.

पेरणी आणि पहिला महिना

देशी लाल गाजर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत पेरावे. 'पुसा केसर' आणि 'पुसा रुधिरा' हे त्यातले प्रसिद्ध वाण. 'नँटिस'सारखे केशरी विलायती वाण थंडीची चाहूल लागल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पेरावे. रंग आणि गोडी चांगली भरते ती साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात. बी दरवर्षी ताजे घ्यावे, कारण त्याची उगवणशक्ती लवकर घटते.

एकेक फुटावर रेघा ओढून बी एक सेंटिमीटरभर खोल टाकावे. ते फार बारीक असल्याने कोरड्या वाळूत मिसळून पेरले की सारखे पडते. त्यात थोडे मुळ्याचे बी मिसळण्याची युक्ती जुनी आहे. मुळा चार-पाच दिवसांत उगवून ओळ दाखवितो, पपडी फोडतो आणि गाजर जाड होण्याआधी काढता येतो. गाजराला मात्र उगवायला आठवडा ते पंधरवडा लागतो. तेवढे दिवस वाफ्याचा वरचा थर एकदाही वाळता कामा नये. ओले गोणपाट अंथरावे, झारीने हलके पाणी द्यावे आणि पहिला कोंब दिसताच गोणपाट काढावे.

रोपे दोन-तीन इंचांची झाली की विरळणी करावी. येथे बहुतेकांचे मन कचरते. परंतु दोन रोपांत पाच ते आठ सेंटिमीटर अंतर न राखल्यास एकही गाजर धड पोसत नाही. नको असलेली रोपे उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही.

दोषांचे निदान

काढणी साधारण तीन महिन्यांनी. त्या वेळी दिसणाऱ्या दोषांवरून कारण ओळखता येते. फाटे फुटले असल्यास जमीन कठीण, खडे किंवा कच्चे खत. पाला दाट आणि मूळ बारीक असल्यास नत्राचा अतिरेक किंवा विरळणीचा अभाव. गाजर उभे तडकले असल्यास माती फार वाळल्यानंतर एकदम दिलेले भरपूर पाणी. माथा हिरवा असल्यास उन्हाचा स्पर्श; त्यावर उपाय म्हणजे वेळीच मातीची भर. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमींचा संशय घ्यावा, पुढच्या वर्षी वाफा बदलावा आणि जुन्या जागी झेंडू लावावा.

वाफ्यातून ताटात

गाजरातील कॅरोटिन १८३१ मध्ये वाकेनरोडर यांनी वेगळे केले. शरीरात त्याचे 'अ' जीवनसत्त्व होते, हे मूर यांनी १९३० मध्ये दाखविले. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी येणारे बालकांचे अंधत्व रोखण्यासाठी आपल्या देशात १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत द्यावयाच्या त्यातील नऊ मात्रांना गाजर हा पर्याय नव्हे, त्या द्याव्यातच. पण रोजच्या आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनचे मोल वेगळे आहे. केशरी गाजराचा रंग बव्हंशी कॅरोटिनचा असतो. देशी गाजराची लाली मुख्यतः लायकोपिनची, आणि लायकोपिनचे 'अ' जीवनसत्त्व होत नाही. म्हणून वाफ्यात दोन्हींना जागा द्यावी. शिजविलेल्या आणि किंचित तूप-तेल घातलेल्या गाजरातले कॅरोटिन अधिक चांगले शोषले जाते. आपल्या आज्या गाजर तुपावर परतत, ते शास्त्राला धरूनच होते.

पालकांना सांगावयाच्या तीन गोष्टी. पहिली, गाजराने चष्मा जात नाही. जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून आलेले रातांधळेपण आणि चष्म्याचा नंबर या दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसरी, रोज पेलाभर रस पाजलेल्या मुलाचे तळहात, तळपाय आणि नाकाच्या कडा पिवळ्या होऊ शकतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आणि लघवीचा रंग नेहमीचा असेल, तर ती बहुधा कावीळ नव्हे, कॅरोटिनचा साठा असतो. गाजर कमी केल्यावर काही आठवड्यांत रंग ओसरतो. शंका असल्यास मात्र मूल डॉक्टरांना दाखवावे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. चार वर्षांखालील मुलांच्या हाती कच्च्या गाजराचा तुकडा कधीही देऊ नये. शेंगदाणा आणि हरभरा यांप्रमाणेच तो श्वासनलिकेत अडकून क्षणात जीवघेणा ठरू शकतो. सहा महिन्यांनंतर वाफवून कुस्करलेले आणि पुढे बारीक किसलेले गाजर द्यावे.

मूल भाजी खात नाही, ही तक्रार मी रोज ऐकतो. नवी चव मुलाने स्वीकारायला ती आठ-दहा वेळा, जबरदस्ती न करता, पुढे यावी लागते. त्यासाठी घरच्या वाफ्याइतका निमित्तांचा साठा दुसरीकडे नाही. पेरताना, पाणी घालताना, विरळणीची कोवळी पाने हुंगताना आणि शेवटी स्वतःच्या हाताने उपटताना मुलाची त्या भाजीशी ओळख होत जाते. स्वतः उपटलेल्या गाजराची कोशिंबीर ताटात बाजूला सारणारी मुले मी फार थोडी पाहिली आहेत.

दोन बाय चार फुटांचा एक वाफा पुरतो. पुढील जूनमध्ये खताचा ढीग रचावा आणि पाऊस ओसरला, की घरातल्या नातवंडांच्या मुठीत वाळूत मिसळलेले बी द्यावे.