दाण्यांवरून ठरणारं पिंप

अमेरिकेत सहलीला बर्फ आणि थंड पेयं न्यायला जाड भिंतीचा प्लॅस्टिकचा कूलर वापरतात. घरी बिअर करणाऱ्या हजारो लोकांच्या गॅरेजमध्ये त्याच कूलरचं झाकण उघडलं की तोंडावर वाफ येते आणि गरम पावासारखा गोडसर वास सुटतो. आत भरडलेली बार्ली ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजत असते, सरबरीत लापशीसारखी. या भांड्याला मॅश टन म्हणतात. यातला टन वजनाचा नव्हे. जुन्या इंग्रजीत तो शब्द मोठ्या पिंपाचा होता, आणि वजनाच्या टनाला नाव मिळालं तेही या पिंपावरूनच.

नाचणीसत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणून वाळवतो, तसंच बार्लीचंही करतात. तेच माल्ट. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात. त्यासाठी ऊब तासभर टिकवावी लागते, आणि थंडी राखणारी भिंत ऊबही राखते.

पिंप केवढं घ्यायचं, इथे मात्र नवखा माणूस हमखास चुकतो. वीस लिटर बिअर हवी म्हणून तो वीस लिटरचं भांडं शोधतो. मोजायचे असतात ते दाणे. साधारण रीत अशी, की किलोभर माल्टला तीन लिटर पाणी. आता कोरडं भरडलेलं माल्ट पातेल्यात ओता, त्याचा चांगला ढीग होतो. तेच पाण्यात सोडून ढवळलं की कोंड्यामधली हवा निघून जाते आणि पाण्याची पातळी पाऊण लिटरनेही वर चढत नाही. किलोला ०.६७ लिटर, एवढीच दाण्याची खरी जागा. म्हणजे तीन लिटर पाण्यासकट किलोमागे ३.६७ लिटर.

वीस लिटर मध्यम बिअरला पाच किलो माल्ट लागतं, त्याचे झाले १८.३५ लिटर. पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा कूलर कागदावर पुरतो, पण ढवळताना काठावरून सांडतं. बार्लीवाइनसारखी कडक बिअर करायची तर तेवढ्याच वीस लिटरला दहा किलो धान्य, म्हणजे ३६.७ लिटर! दहा गॅलनच्या कूलरमध्ये मावतात ३८. अशा वेळी पाणी किलोला अडीच लिटरवर आणतात, मिश्रण घट्ट होतं आणि ३१.७ लिटरमध्ये बसतं. माझ्या मते पिंप नेहमी आपल्या सर्वांत कडक बिअरच्या मापाने घ्यावं.

म्हणून अवाढव्य घ्यावं असंही नाही. मोठ्या पिंपात थोडं धान्य टाकलं की वरच्या मोकळ्या हवेत ऊब जाते, आणि दाण्यांचा थर पातळ पडतो. हा थरच तर गाळणीचं काम करतो.

खाली आधाराला जाळी लागते. चार्ली पपाझियन यांच्या घरगुती बिअरवरच्या १९८४च्या पुस्तकाने प्लॅस्टिकच्या दोन बादल्या एकीत एक बसवून, आतलीच्या तळाला भोकं पाडून, ती गरज भागवायला शिकवलं. ओरेगॉनचे डेनी कॉन यांनी नळाच्या जोडनळीवरची स्टीलची वेणी काढून कूलरच्या तोटीला आतून जोडण्याची युक्ती लोकप्रिय केली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केल्यावर अशा युक्त्यांना बहर आला, आणि मला या यंत्राचं कौतुक वाटतं ते या युक्त्यांमुळेच.

तासाभराने तोटी सोडतात. किलोभर माल्ट सुमारे लिटरभर पाणी चोथ्यात धरून ठेवतं, म्हणून पाच किलोच्या पंधरा लिटरांतले दहाच बाहेर येतात. उरलेली साखर धुवायला नंतर पुन्हा गरम पाणी घालतात. तोटी सोडल्यावरचा पहिला तांब्या गढूळ येतो, कोंड्याचे कण तरंगत असतात. तो तसाच अलगद, दाण्यांचा थर न हलवता, वरून परत ओततात. दुसराही. तिसऱ्या-चौथ्या तांब्याला धार मधासारखी नितळ उतरते, तेव्हा खाली उकळायचं पातेलं सरकवतात.