कोकरू आणि पेलिकन : ख्रिस्ती श्रद्धेतील प्रेमाची दोन चिन्हे

ईश्वर प्रेमरूप आहे, हे वाक्य उच्चारावयास सोपे. पण त्या प्रेमाचे स्वरूप कोणते, असे कोणी विचारले म्हणजे पंडितही अडखळतो आणि त्याला दृष्टान्ताचा आश्रय घ्यावा लागतो. ख्रिस्ती धर्मपरंपरेने हे काम पुष्कळदा प्राण्यांवर सोपविले. कबुतर हे पवित्र आत्म्याचे चिन्ह झाले, मासा हे ख्रिस्ताचे. हे प्राणी आपल्याकडील नंदी-गरुडांसारखी देवाची वाहने नव्हेत, की मत्स्य-वराहांसारखे अवतारही नव्हेत. ती केवळ चिन्हे आहेत. त्यांपैकी दोहोंचा येथे विचार करू.

पहिले चिन्ह कोकराचे. मिसर देशातील दास्यातून सुटण्याच्या रात्री इस्राएल लोकांनी कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि त्या घरांवरून मृत्यू टळला, अशी ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाची कथा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटले आहे, त्यामागे या कथेची आठवण आहे. परंतु या चिन्हाचे मर्म उलगडते ते बायबलातील शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात. यहूदा वंशातील सिंह विजयी झाला आहे, अशी तेथे घोषणा होते. द्रष्टा पाहू लागतो, तो सिंह कोठेच नाही. वध झाल्यासारखे दिसणारे एक कोकरू उभे आहे! सिंहाचा पराक्रम येथे नाकारलेला नाही. तो मारण्यात नसून स्वतःला देण्यात आहे, एवढेच सांगितले आहे.

बेल्जममधील गेंट शहरी व्हान आयक बंधूंचे १४३२ साली पुरे झालेले प्रसिद्ध वेदीचित्र आहे. त्यात वेदीवर उभ्या असलेल्या कोकराच्या छातीतून रक्ताची धार चषकात पडते. सोळाव्या शतकात त्याच्या मुखावर चढविलेला रंग अलीकडच्या जीर्णोद्धारात उतरविला गेला, तेव्हा पाहणाऱ्याकडे सरळ रोखून बघणारे मूळचे डोळे पुन्हा दिसू लागले.

दुसरे चिन्ह पेलिकनचे. चोचीखाली मोठी पिशवी असलेला हा पाणपक्षी. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रचलेल्या ‘फिजिओलोगस’ या ग्रीक ग्रंथात त्याची कथा येते. पिल्ले वाढली की आईबापांच्या तोंडावर प्रहार करतात. आईबाप उलट प्रहार करतात आणि पिल्ले मरतात. मग तीन दिवस शोक चालतो, आणि अखेर आई स्वतःची कूस फोडून रक्त शिंपडते व पिल्ले जिवंत होतात. पुढे कथा सौम्य झाली. उपाशी पिल्लांना आई आपले रक्त पाजते, एवढेच राहिले. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या नावावर असलेल्या लॅटिन स्तोत्रात ख्रिस्तालाच पेलिकन म्हणून हाक मारली आहे.

प्राणिशास्त्र सांगते की, असे काही घडत नाही. पिल्ले आईच्या पिशवीत चोच घालून मासे खातात. आई चोच छातीशी टेकविते, त्यावरून हा समज निघाला असावा. मग चिन्ह खोटे ठरले काय? आपल्या संतांनीही कासवी केवळ दृष्टीने पिल्लांना पोसते, असे म्हटले आहे. कासवीची परीक्षा घेण्यासाठी ती उपमा कोणी वाचत नाही. न मागता, दुरूनही पोहोचणारी माया तिच्यातून कळते, हे पुरेसे असते. मात्र दोन्ही उपमांत एक भेद आहे. कासवीच्या मायेला तिची झीज नाही. पेलिकनच्या मायेला जखम आहे, आणि जुन्या कथेत ती जखम प्रहार करणाऱ्या पिल्लांसाठीच आहे. अपात्रावरही प्रेम करावयाचे तर त्याची किंमत प्रेम करणाऱ्यालाच द्यावी लागते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा येथे दिसतो.

याच चिन्हाची दुसरी बाजू शेक्सपिअरने ओळखली. ‘किंग लिअर’ नाटकात सर्वस्व देऊन बसलेला राजा आपल्या निर्दय कन्यांना पेलिकनच्या पिल्लांची उपमा देतो. तेच रक्त, तेच पाजणे. पण आता दृष्टी पिणाऱ्यांवर आहे. देणाऱ्याचे प्रेम घेणाऱ्याच्या कृतज्ञतेची वाट पाहत थांबत नाही, हे खरे. तथापि ते घेणाऱ्याला मोकळेही सोडत नाही. गेंटच्या चित्रातील ते कोकरू आपल्याकडे का पाहत असावे, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे.