ओले आले, सुकी सुंठ

एखादी ब्याद आपोआप टळली की आपण म्हणतो, ‘सुंठीवाचून खोकला गेला.’ खोकला झाला की सुंठ द्यायची हे घरोघरी ठरलेलेच होते, म्हणून तर ही म्हण रुजली. आणि त्या घरांनी आले आणि सुंठ यांना कधी एक मानले नाही.

भूक मंदावली की जेवणाआधी आल्याचा कीस, त्यावर मीठ-लिंबू. घसा धरला की आल्याचा रस मधातून. आमरस जड पडू नये म्हणून मात्र वाटीत तूप आणि चिमूटभर सुंठ. बाळंतिणीच्या लाडवात सुंठ, रामनवमीला सुंठवडा, डोके दुखले तर सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा लेप. आयुर्वेदानेही आर्द्रक आणि शुंठी यांचे गुण वेगवेगळे सांगितले. त्रिकटू चूर्णात मिरी आणि पिंपळीच्या जोडीला येते ती सुंठच.

या भेदाला रसायनशास्त्राचाही आधार आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलमुळे असतो. वाळताना त्याच्या रेणूतून पाणी निघून जाते आणि शोगाओल तयार होते. ते अधिक तिखट. त्याचे नाव आले आहे ‘शोगा’ या आल्याच्या जपानी नावावरून. आले शिजवले की जिंजेरॉलपासून सौम्य झिंजेरोन बनते, म्हणून आमटीतले आले कच्च्यासारखे झोंबत नाही.

आल्याच्या औषधी गुणांचा सर्वांत चांगला पुरावा आहे तो मळमळीबाबत. 1982मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात 36 विद्यार्थी होते. फिरत्या खुर्चीत, मळमळीवरची नेहमीची गोळी घेतलेल्यांपेक्षा आल्याची पूड घेतलेल्यांनी जास्त वेळ तग धरला. प्रवासातल्या मळमळीवर पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे आले नाहीत. गर्भारपणातल्या मळमळीवर मात्र अनेक अभ्यासांत उतार दिसला.

तरीही आले म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. जास्त घेतले तर छातीत जळजळते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर औषध म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे.

आजीच्या ‘चिमूटभर’ या शब्दात हीच सावधगिरी होती. घरात कोणी जाणते असेल तर त्यांना विचारून ठेवा : कशाला ओले, कशाला सुके आणि किती. सुंठ दुकानात मिळेल, पण ते प्रमाण त्यांच्याच हातात आहे.